गाणी गेली कुठं?

खतावणी हरवली म्हणजे तिजोरीतले पैसे हरवले, असं नसतं. बँकेत वीस वर्षं घासल्यावर एवढं तरी मला कळलं आहे. खातेदाराला मात्र ते पटत नाही.

बिलोलीत आमच्या गल्लीत मी 'हिशेबाचा माणूस'. त्यामुळे मोबाइलमधली गाणी नाहीशी झाली, की पोरं माझ्याकडेच येतात. "काका, गाणे दिसनात की ओ! आठशे होते!" चेहरा असा, की घरावर दरोडा पडलाय. मी फाइलींचं फोल्डर उघडतो. आठशेच्या आठशे तिथं मुकाट बसलेली! गहाळ असते ती फक्त यादी. फोल्डरचं नाव बदललं किंवा मेमरी कार्ड सैल झालं, की ॲप जुन्या पत्त्यावर जातं आणि 'इथं कोणी राहत नाही' म्हणत परत येतं. कार्ड नीट बसवायचं, यादी नव्यानं करायला लावायची, शिल्लक जुळते.

पण फाइलीच गेल्या तर? मग काकाही हात टेकतात. मायस्पेस या अमेरिकन संकेतस्थळानं २०१९ साली कबूल केलं, की सर्व्हर बदलताना लोकांनी वर्षानुवर्षं साठवलेली गाणी गेली. एवढी मोठी पेढी, आणि दुसरी प्रत नाही!

दुखणं जुनंच आहे म्हणा. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गायल्या. मेणावरचा तो आवाज जर्मनीत हॅनोव्हरला गेला आणि तबकड्या होऊन परत आला. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तेवढ्यात अख्खा राग बसवायचा म्हणजे एस.टी.त वऱ्हाड बसवण्यासारखंच! अल्लादियाखाँसाहेबांची तर तबकडीच निघाली नाही. १९४६ साली खाँसाहेब गेले, आवाजही गेला. आता कोणतं फोल्डर उघडणार?

गायकी मात्र उरली, कारण तिची प्रत केसरबाई केरकरांच्या गळ्यात उतरली होती. १९७७ साली बाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात निघाली. त्याच वर्षी बाई गेल्या. त्यांतलं पहिलं यान २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याची वेस ओलांडून गेलं. ती प्रत परत मागता येणार नाही, पण कोणाच्या हातून पुसलीही जाणार नाही.

तेव्हा पोरांनो, एक प्रत कार्डावर ठेवा, एक कॉम्प्युटरवर, एक परगावच्या मावशीकडे. आणि चार गाणी पाठ करा. लाइट गेली तरी ती वाजतात.