विद्यापीठांतील स्त्री-अभ्यास केंद्रें व तेथील कार्यकर्ती मंडळी

(१)

वसईचें नांव घेतलें कीं इतिहासाच्या वाचकापुढें १७३९ सालचा चिमाजी अप्पांचा वेढा उभा राहतो. त्या मोहिमेचा पत्रव्यवहार विपुल आहे. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे जे ४५ भाग गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या अवधींत छापून निघाले, त्यांतही तो सांपडतो. मोर्चे कोठवर नेले, सुरुंग कोठें लागले, कोण पडले, कोण जखमी झाले, हें त्यावरून बारकाईनें सांगतां येतें. परंतु त्याच काळीं वसई, आगाशी, विरार येथील बायकांचे दिवस कसे जात होते हें कोणी त्या पत्रांत शोधूं लागल्यास फारच थोडें हातीं लागतें. हा दोष पत्रें लिहिणारांचा नव्हे. त्यांस जें कळवावयाचें होतें तें त्यांनीं कळविलें. दोष असलाच तर तो मागाहून आलेल्या अभ्यासकांचा. कारण जें कागदांत नाहीं तें घडलेंच नाहीं, अशी समजूत त्यांनीं करून घेतली.

ही समजूत मोडण्याचें काम गेल्या अर्धशतकांत ज्यांनीं केलें, त्यांत विद्यापीठांतील स्त्री-अभ्यास केंद्रांचा वांटा मोठा आहे. या केंद्रांच्या स्थापनेविषयीं लिहिलें गेलें आहे. परंतु तेथें रोज येऊन बसणाऱ्या मंडळींविषयीं फारसें लिहिलेलें आढळत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्यांचा विचार कर्तव्य आहे. केंद्र हें अनुदानाच्या हुकुमानें निघतें खरें, परंतु चालतें तें माणसांनीं. आणि जीं माणसें दुसऱ्यांचें न लिहिलें गेलेलें जीवन लेखनिविष्ट करण्यांत गुंतलीं, त्यांचेंच जीवन लेखाबाहेर राहण्याचा संभव उत्पन्न झाला आहे, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

(२)

वसई-विरारच्या वाचकांस हें प्रकरण दूरचें वाटण्याचें कारण नाहीं. १८६७ सालच्या एप्रिल महिन्यांत विरारहून मुंबईस बॅकबेपर्यंत नियमित गाडी सुरू झाली. १९३६ सालीं याच मार्गावर विजेची गाडी विरारपर्यंत आली. योगायोग असा कीं, त्याच १९३६ सालीं महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ मध्यें स्थापिलेल्या महिला विद्यापीठाचें मुख्य ठाणें पुण्याहून मुंबईस हललें. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं १९२० सालीं दिलेल्या १५ लक्ष रुपयांच्या देणगीमुळें या विद्यापीठास त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें नांव मिळालें होतें. त्याचें एक आवार चर्चगेट स्टेशनापासून जवळ, व दुसरें जुहू येथें, सांताक्रूझ स्टेशनाच्या पश्चिमेस आहे. म्हणजे विरारची गाडी धरणाऱ्या मुलीस हें विद्यापीठ एकाच रुळावर आहे.

कर्व्यांच्या संस्थांचा विचार करतांना एक गोष्ट प्रथम ध्यानांत येते. त्यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला, १९०७ सालीं महिला विद्यालय काढलें, व १९०८ सालीं निष्काम कर्म मठ स्थापिला. हा मठ म्हणजे संस्थेस माणसें पुरविण्याची योजना होय. अल्प वेतनावर आयुष्य देणारीं माणसें असल्यावांचून संस्था टिकत नाहीं, हें कर्व्यांनीं ओळखिलें होतें. अशा मंडळींपैकीं पार्वतीबाई आठवले यांनीं आश्रमासाठीं गांवोगांव वर्गणी गोळा केली, व १९१८ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथें उदरनिर्वाहासाठीं त्यांनीं परक्या घरीं घरकामही केलें. त्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ सालीं, व आनंदीबाई कर्वे यांचें ‘माझें पुराण’ १९४४ सालीं प्रसिद्ध झालें. हीं दोन आत्मचरित्रें नसतीं तर हिंगण्याचा इतिहास केवळ अहवालांवरून लिहावा लागता. त्यांत वर्गणीचा आंकडा मिळाला असता; ती वर्गणी आणणाऱ्या बाईस कोणत्या दारांतून परत फिरावें लागलें, हें मिळालें नसतें.

(३)

आतां मुंबईच्या केंद्राकडे वळूं. १९७१ सालीं भारत सरकारनें स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठीं एक समिति नेमली. डॉ. फुलरेणु गुहा या तिच्या अध्यक्षा व विना मजुमदार या सदस्य-सचिव होत्या. समितीचा अहवाल १९७४ च्या अखेरीस तयार झाला. देशांत १९०१ सालीं दर हजार पुरुषांमागें ९७२ स्त्रिया होत्या, त्या १९७१ सालीं ९३० वर आल्या, हें त्यांतून सर्वांपुढें आलें. स्वातंत्र्य मिळालें, राज्यघटनेनें समता दिली, तरी स्त्रियांचें प्रमाण उतरत जावें, ही गोष्ट विद्वानांस लज्जास्पद वाटली. कारण त्यांच्या ग्रंथांत तिचा मागमूस नव्हता.

मुंबईच्या केंद्राच्या प्रवर्तक प्रा. नीरा देसाई (१९२५–२००९) या होत्या. त्या ठाकरसी विद्यापीठांत समाजशास्त्र शिकवीत. आधुनिक भारतांतील स्त्रियांविषयींचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५७ सालींच निघाला होता. १९७४ मध्यें त्यांच्या पुढाकारानें विद्यापीठांत स्त्रियांविषयीं संशोधन करणारा एक लहान विभाग सुरू झाला. हिंदुस्थानांतील कोणत्याही विद्यापीठांत या प्रकारचा तो पहिलाच होय. पुढें तोच स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र या नांवानें प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्राच्या अभ्यासक मैत्रेयी कृष्णराज या देसाईंच्या सहकारी होत्या, व पुढें केंद्राची धुरा त्यांनीं वाहिली. दोघींनीं मिळून भारतीय समाज व स्त्रिया या विषयावर लिहिलेला ग्रंथ १९८७ सालीं निघाला.

१९८१ च्या एप्रिलमध्यें स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठांत भरली. डॉ. माधुरी शहा या त्या काळच्या शिक्षणक्षेत्रांतील प्रमुख व्यक्ति. ठाकरसी विद्यापीठाचें कुलगुरुपद भूषवून त्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षा झाल्या. परिषदेच्या पाठोपाठ १९८२ सालीं भारतीय स्त्री-अभ्यास संघटना स्थापन झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत स्त्रियांच्या समतेसाठीं शिक्षण हें स्वतंत्र प्रकरण आलें, व त्यानंतर आयोगाच्या साहाय्यानें ठिकठिकाणीं अशीं केंद्रें निघूं लागलीं.

पुणें विद्यापीठांतील केंद्र १९८७ सालचें. विद्युत भागवत यांनीं तें उभें केलें, व नंतर शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनीं तें चालविलें. या केंद्रास क्रांतिज्योति सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. खुद्द विद्यापीठास तें २०१४ सालीं मिळालें. रेगे यांनीं दलित स्त्रियांचीं आत्मकथनें अभ्यासाचीं साधनें म्हणून वर्गांत आणिलीं, आणि खेड्यांतून आलेल्या मराठी मुलामुलींस इंग्रजीच्या धाकानें विषय सोडावा लागूं नये म्हणून मराठींतून शिकण्याची वाट खुली ठेविली.

(४)

आतां या मंडळींचें रोजचें काम काय तें पाहूं. त्याचें साम्य इतिहास-संशोधकांच्या कामाशीं किती आहे हें वाचकांच्या सहज ध्यानांत येईल. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें साधनांचा पहिला खंड काढिला तो माळ्यावरचे रुमाल सोडून. स्त्री-अभ्यास केंद्रांतील मंडळींपुढें अडचण वेगळी होती. त्यांस हवे असलेले रुमाल बहुधा कोणी बांधलेच नव्हते. म्हणून वर्तमानपत्रांतील कात्रणें विषयवार लावणें, लेखांच्या सूचि करणें, सरकारी आंकड्यांतून स्त्रियांचे आंकडे निराळे काढणें, आणि जेथें कागदच नाहीं तेथें घरीं जाऊन बाईस बोलतें करणें, असें चतुर्विध काम त्यांनीं पत्करिलें. यांतील पहिलीं दोन ग्रंथपाल व त्यांचे मदतनीस यांचीं. तिसरें व चौथें संशोधन-साहाय्यकांचें. ग्रंथावर नांव येतें तें बहुधा याहून निराळ्यांचें.

शेवटचें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. “तुम्ही काय काम करतां?” असें विचारलें असतां “कांहीं नाहीं, घरींच असतें,” असें उत्तर देणारी बाई पहांटेपासून रात्रीपर्यंत राबत असते. आमच्याच भागांतील उदाहरण घ्यावयाचें तर, आगाशीच्या बाजूस घरच्या बागेंतील केळीं सोलून, वाळवून, सुकेळी तयार करणारी बाई पूर्वींच्या मोजणींत निरुद्योगी ठरण्याचा संभव होता. कारण तिला मजुरी मिळत नव्हती. प्रश्न कसा विचारावा यावर उत्तर अवलंबून असतें, ही गोष्ट स्त्री-अभ्यासकांनीं चिकाटीनें मांडली. १९९१ च्या जनगणनेंत घरच्या शेतावरील वा घरच्या धंद्यांतील बिनमोबदल्याचें कामही कामांत धरावें, असा उल्लेख प्रश्नांतच घालण्यांत आला. एका प्रश्नांत चार शब्द वाढले. परंतु ते वाढावे म्हणून किती जणींस किती उंबरठे झिजवावे लागले असतील, याची कल्पना संशोधकांस करतां येईल.

अभ्यास व प्रत्यक्ष कार्य हीं वेगळीं ठेवूं नयेत असा प्रा. देसाईंचा आग्रह असे. त्याच भावनेनें ठाकरसी विद्यापीठानें गुजराथेंतील उदवाडा व आसपासच्या गांवांत ग्रामीण स्त्रियांसाठीं काम हातीं घेतलें. सांताक्रूझहून उदवाड्यास जावयाचें तर वाटेंत वसई, विरार, पालघर, डहाणू हीं स्टेशनें लागतात. पुस्तकांचें ठाणें एका टोंकास व ज्यांच्याविषयीं लिहावयाचें त्या बायका दुसऱ्या टोंकास, अशी ही रेषा या मंडळींनीं जोडिली.

(५)

येथवर गौरवाचा भाग झाला. आतां चिंतेचा सांगणें प्राप्त आहे.

हीं केंद्रें बहुतेक ठिकाणीं पंचवार्षिक योजनेच्या अनुदानावर चाललीं. योजना मुदतीची, म्हणून पदें मुदतीचीं. संचालकपद पुष्कळदां दुसऱ्या विभागांतील प्राध्यापकाकडे आपलें शिकविणें सांभाळून असे. संशोधन-साहाय्यक व कारकून हे तर अनुदान येईल तोंवरचे. २०१७ सालीं ही अस्थिरता उघड झाली. बाराव्या योजनेंतील केंद्रांस ३० सप्टेंबर २०१७ पर्यंतच साहाय्य चालू राहील असें आयोगाच्या सूचनेवरून दिसूं लागतांच, देशांतील सुमारें १६० केंद्रांच्या भवितव्याविषयीं अभ्यासकांनीं आवाज उठविला. मुदत पुढें वाढली. तथापि मुदतीचें तत्त्व कांहीं गेलें नाहीं.

कोणी म्हणेल, नोकरीचा प्रश्न इतिहासाच्या त्रैमासिकांत कशाला? त्यास आमचें उत्तर असें कीं, हा प्रश्न साधनांच्या रक्षणाचा आहे. कोणतें कात्रण कोणत्या पेटींत आहे, कोणत्या बाईची मुलाखत कोणत्या अटीवर घेतली, कोणतें नांव उघड करावयाचें नाहीं, हें ज्ञान सूचींत पुरतें उतरत नाहीं. तें माणसाजवळ असतें. दहा वर्षें काम केलेला साहाय्यक मुदत संपून गेला म्हणजे कपाट राहतें, पण त्याची किल्ली गेल्यासारखी होते. ज्या घराण्यांचे जुने कारकून वारले व मागें दप्तर वाचणारें कोणी उरलें नाहीं, त्या घराण्यांच्या रुमालांचें काय झालें हें इतिहास-संशोधकांस निराळें सांगावयास नको.

प्रा. देसाईंस याची जाणीव होती असें त्यांच्या उत्तरायुष्यावरून दिसतें. १९८८ सालीं सी. एस. लक्ष्मी यांनीं मुंबईंत स्त्रियांविषयींच्या ध्वनि-चित्र साधनांचा ‘स्पॅरो’ हा संग्रह काढिला, त्याच्या संस्थापकांत देसाई व कृष्णराज या दोघी होत्या. पश्चिम भारतांतील स्त्री-चळवळींत वावरलेल्या बायकांचीं कथनें गोळा करून देसाईंनीं सिद्ध केलेला ग्रंथ याच संस्थेनें २००६ सालीं काढिला. त्या वेळीं त्यांचें वय ऐंशींच्या पुढें होतें. स्वतः केंद्र स्थापन करणारी बाई वार्धक्यांत आपल्या सहकारिणींच्या आठवणी लिहून ठेवण्यास बसते, याचा अर्थ अहवालांवर तिचा विसंबून राहण्याइतका भरंवसा नव्हता, असाच आम्हीं करतों.

(६)

आतां आपल्या घराकडे पाहूं. वसई-विरार परिसरांत स्वतंत्र विद्यापीठ नाहीं. येथील महाविद्यालयें मुंबईच्या विद्यापीठांशीं जोडलेलीं आहेत. परंतु १९९७ सालच्या विशाखा खटल्यांतील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर महाविद्यालयांतून महिला विकास कक्ष निघाले, व २०१३ च्या कायद्यानें कामाच्या जागीं होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीं समिति नेमणें बंधनकारक झालें. हे कक्ष चालविणाऱ्या प्राध्यापिका तास संपल्यावर थांबून तें काम करतात. घाबरलेली मुलगी प्रथम ज्या खोलींत येऊन बसते ती खोली त्यांची असते. ५ मे १९९२ रोजीं चर्चगेटहून बोरिवलीस स्त्रियांची पहिली खास गाडी सुटली, व पुढील वर्षीं ती विरारपर्यंत वाढली, ही तारीख नोंदलेली आहे. त्या गाडीनें येऊन दुसऱ्यांच्या मुलींसाठीं उशिरापर्यंत थांबणाऱ्या बायकांची नोंद मात्र कोठें नाहीं.

ती ठेवणें अवघड नाहीं. तक्रारींचे कागद गोपनीय आहेत व तसेच राहिले पाहिजेत. त्यांस कोणीं हात लावूं नये. परंतु व्याख्यानांच्या हस्तपत्रिका, सभांचीं टिपणें, छायाचित्रांमागील नांवें, आणि निवृत्त होणाऱ्या प्राध्यापिका, ग्रंथपाल व शिपाई-बाई यांच्या आठवणी, एवढें प्रत्येक महाविद्यालयानें आपल्या ग्रंथालयांत तारीखवार लावून ठेविलें तरी पुष्कळ झालें. अशीं टिपणें कोणाजवळ असल्यास त्यांनीं तीं रद्दींत घालूं नयेत, अशी आमची विनंति आहे. १७३९ सालच्या वसईंतील बायकांविषयीं आपणांस विचारावयास आज कोणी उरलें नाहीं. आजच्या वसईंतील या मंडळींस विचारतां येतें; त्या अजून संध्याकाळच्या गाडीनें घरीं येत आहेत.