दवण्याची पुनव

वसंत ऋतूचे वर्णन आपल्या साहित्यात बहुधा उपभोग घेणाऱ्याच्या बाजूने आलेले आहे. पालवी, मोहोर, कोकिळा आणि सुगंध यांच्यामागे बाग शिंपणारा माणूस सहसा दिसत नाही. त्याच्या दृष्टीने फाल्गुन-चैत्र हे विहिरीचे पाणी खोल जाण्याचे महिने आणि नेमके तेच फुलांच्या मागणीचेही महिने. बेळगाव-निपाणी परिसरातील माळ्याचा वसंत समजून घ्यायचा, तर दवण्यासारखी दुसरी वनस्पती नाही.

दवणा म्हणजे संस्कृतातील दमनक. राखी-हिरव्या, बारीक चिरलेल्या पानांचे हे हातभर उंचीचे झुडूप सुकल्यावरही आपला वास सोडत नाही. चैत्रात देवाला दवणा वाहण्याची चाल जुनी आहे. काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास पंढरपुरी सिद्ध केलेल्या ‘धर्मसिंधू’त दमनोत्सवाचा विधी दिला आहे. विष्णूला शुद्ध द्वादशीस आणि शंकराला चतुर्दशीस, अशा देवतापरत्वे त्याच्या तिथी ठरलेल्या आहेत. लोकपरंपरेत मात्र हा दवणा मुख्यतः चैत्री पौर्णिमेशी जोडला गेला. त्या दिवशी कोल्हापूरनजीकच्या वाडी रत्नागिरीवर जोतिबाची यात्रा भरते. गुलाल, सासनकाठ्या आणि दवणा यांवाचून ती पुरी होत नाही. बेळगाव भागातून पायी आणि बैलगाडीने डोंगराला जाणाऱ्यांची परंपरा आहे. त्याच सुमारास बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेस सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची यात्रा असते. मराठीत या पौर्णिमेला आपण हनुमान जयंती म्हणतो किंवा जोतिबाची यात्रा म्हणतो. कन्नडमध्ये तिला ‘दवनद हुण्णिमे’, म्हणजे दवण्याची पुनव, असे नाव आहे. देवाऐवजी माळ्याच्या पिकावरून पौर्णिमेला नाव पडावे, ही गोष्ट लहान नव्हे.

या नावामागचे कष्ट कार्तिकातच सुरू होतात. दवण्याचे बी अतिशय बारीक असते. ते भिजवून, फडक्यात मोड आणून, वाळूत मिसळून वाफ्यावर फोकावे लागते. पाणी जोराने सोडले तर बी वाहून जाते, म्हणून तरवा उगवेपर्यंत ते हलक्या हाताने शिंपायचे. सहा-सात आठवड्यांनी रोपे उपटून दुसरीकडे लावायची आणि मग खुरपणी करायची. पेरणीपासून सुमारे चार महिन्यांनी दवणा फुलावर येतो. थंडी त्याला मानवते, जोराचा पाऊस मानवत नाही. त्यामुळे चैत्राच्या तोंडावर आलेला एखादा वळीव सगळ्या हिवाळ्याचे कष्ट मातीत घालू शकतो. ज्या वळवाची बाकीचे शेतकरी वाट पाहतात, त्याच्याकडे दवण्याचा माळी भीतीने पाहतो.

मोगऱ्याची गोष्ट वेगळी. छाटणी झालेला मोगरा चैत्र-वैशाखात भरास येतो आणि कळ्या उमलण्याआधी, उन्हे चढण्यापूर्वी खुडाव्या लागतात. विसाव्या शतकात इंजिने आणि विजेचे पंप येईपर्यंत या दिनक्रमात मोटेची भर होती. बैलांनी नाडा ओढायचा, पाटात पाणी यायचे आणि घरातले कोणीतरी दारे धरायचे. खुडणी, भिजवण आणि जुड्या बांधणे ही घरातल्या बायकामुलांसह सर्वांची कामे होती.

एवढे असून इतिहासात माळी फारसा बोलत नाही. गावगाड्यात तो अलुतेदारांत मोडत असे. गावच्या देवाला फुले पुरवायची आणि धान्याचा वाटा घ्यायचा, एवढीच त्याची नोंद. तेराव्या शतकातील अरणच्या सावता माळ्याने आपला मळाच अभंगात आणला, पण असा आवाज विरळा. निपाणीच्या तंबाखूशी तुलना केली म्हणजे हे अधिक जाणवते. तंबाखूला व्यापार होता, वखारी होत्या. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी भावासाठी महामार्ग अडवला. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसे गेली आणि निपाणीचे नाव देशभर पोहोचले. तेही चैत्राचेच दिवस होते. वाफ्यापुरत्या पिकाला असे आंदोलन नसते आणि म्हणून दप्तरही नसते.

दवण्याच्या माळ्यापुढे दरवर्षी एक निर्णय उभा राहतो. या बियाण्याची उगवणशक्ती लवकर जाते, जुने बी भरवशाचे नसते. म्हणजे पुढच्या कार्तिकासाठी यंदाच्याच झाडांचे बी हवे. यात्रेच्या आठवड्यात जुडीला जेव्हा सर्वांत चांगला भाव असतो, तेव्हाच काही झाडे न खुडता उभी ठेवायची. घरात नड असेल तर हे सोपे नाही. त्या उभ्या झाडांना आटत्या विहिरीचे पाणीही द्यावे लागते. धर्मग्रंथांनी दवणा वाहण्याच्या तिथी सांगितल्या, तो राखून ठेवण्याची तिथी कोणी सांगितली नाही. ती माळ्याने ठरवली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि सीमेचा प्रश्न आपल्या पिढ्यांच्या वाट्याला आला. तो न्यायाचा प्रश्न आहे आणि त्याचे महत्त्व या वनस्पतीने कमी होत नाही. मात्र ‘दवणा’ आणि ‘दवन’ हे एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत. दोन डोंगरांवरच्या दोन दैवतांना चैत्रात तोच पाला लागतो. या परंपरेचा इतिहास लिहिताना राजे, देसाई आणि देवस्थाने येतील, ती यावीतच. त्यांच्या शेजारी न खुडलेल्या झाडांचा तो एक वाफाही नोंदला गेला पाहिजे; पुढच्या वर्षीची यात्रा त्याच्यावर अवलंबून असते.