भाव चढला, मांस घटलं

भाव वाढला की बाजारात माल वाढतो, असं आपण शिकलो. गोमांसाच्या बाबतीत सुरुवातीला उलटं घडतं. गाय हा माल आहे आणि माल बनवणारा कारखानाही. भाव चढला की पशुपालक कालवडी कत्तलखान्याला न देता वेतासाठी राखून ठेवतो. त्यामुळे आजचं मांस आणखी घटतं. नऊ महिने गाभण, पुढे वासरू कापण्याजोगं व्हायला दीडेक वर्ष. आपला कांदा एका हंगामात रडवतो. इथं रडू यायला दोन-तीन वर्षं लागतात.

१९७३ची अमेरिका पाहा. मार्चअखेर अध्यक्ष निक्सन यांनी मांसाच्या दरांवर मर्यादा घातली. एप्रिलमध्ये गृहिणींनी आठवडाभर मांसावर बहिष्कार टाकला. गोमांसावरची मर्यादा सप्टेंबरात उठणार हे उन्हाळ्यातच जाहीर झालं आणि पशुपालकांनी जनावरं रोखून धरली. दुकानांत मांस मिळेना. अशा वेळी बोल लागतो तो खाटकाला, आणि माझ्या मते साखळीत सर्वांत कमी त्याच्याच हाती असतं.

मर्यादा उठली, भाव कोसळला. त्यात मका महागलेला. ऑक्टोबर १९७४मध्ये विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यांनी निषेध म्हणून शेकडो वासरं मारून खड्ड्यात पुरली. पण राखलेल्या गायी वीतच होत्या. १९७५च्या आरंभी अमेरिकेतली गुरं सुमारे १३.२ कोटींवर गेली. तो उच्चांक अजून मोडलेला नाही. मग तोट्यातल्या पशुपालकांनी गायीच विकायला काढल्या. १९७९पर्यंत गुरं ११ कोटींच्या आसपास उतरली होती, आणि भाव पुन्हा भडकले होते.