तारण कर्ज थकलं, नोटीस आली: पुढं काय होतं आणि आपल्या हातात किती दिवस असतात

घर, दुकान, प्लॉट तारण ठेवून काढलेलं कर्ज थकलं की घरात कागद यायला लागतात. वैराग आणि आसपासच्या गावांत बहुतेक घरांची पद्धत एकच. नोटीस कपाटात, कपड्यांच्या खाली. अब्बांना सांगायचं नाही, बीपी वाढेल. पोस्टमनला "घरी कुणी नाही" म्हणायचं. आम्ही शिक्षक असल्यामुळं असे कागद वाचून दाखवायची वेळ आमच्यावर येते, आणि बऱ्याचदा ते येतात तेव्हा त्यातली मुदत संपलेली असते. नोटीस घेतली नाही म्हणून कारवाई थांबत नाही. ती दारावर चिकटवतात, पेपरात छापतात, आणि कायद्यानं ती मिळाली असं धरलं जातं.

सगळ्यात आधी बघायचं ते नोटीस कुणाची आणि कोणत्या कायद्याखाली. बँक, पतसंस्था, फायनान्स कंपनी आणि सावकार यांचे रस्ते वेगळे आहेत.

बँकेची नोटीस बहुधा २००२ च्या सरफेसी कायद्याची असते. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए होतं. मग कलम १३(२) ची नोटीस येते: ६० दिवसांत सगळी रक्कम भरा. इथं सगळी म्हणजे राहिलेले हप्ते नव्हे, पूर्ण कर्ज. या कायद्यात बँकेला आधी कोर्टात जावंच लागत नाही, म्हणून "कोर्टाची तारीख येईल तेव्हा बघू" हे म्हणणं इथं चालत नाही. नागरी सहकारी बँकांना हा कायदा लागू नाही असा समज आपल्याकडं बरीच वर्षं होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढं गेलं आणि ५ मे २०२० ला निकाल लागला की सहकारी बँकांनाही सरफेसी लागू आहे. तेव्हा तो वाद मिटला.

या ६० दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं, आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. कर्जदारानं हरकत पाठवली तर बँकेनं ती मिळाल्यापासून १५ दिवसांत कारणांसह उत्तर दिलंच पाहिजे. २००४ च्या मार्डिया केमिकल्स निकालात सर्वोच्च न्यायालयानं कर्जदाराचं म्हणणं ऐकण्यावर जोर दिला, त्यानंतर ही तरतूद कायद्यात आली. हरकतीत रडगाणं नको, मुद्दे हवेत. कोणत्या तारखेला किती भरले आणि खात्यात जमा दिसत नाहीत. एनपीएची तारीख चुकली आहे का. व्याज आणि दंड कसा लावला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांत हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात मिसळता येत नाही, त्या दंडावर पुन्हा व्याजही लावता येत नाही. हरकत स्पीड पोस्टानं पाठवा, किंवा शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी बोलणं पुढं कुणी मानत नाही. बँकेनं हरकत फेटाळली तर तेवढ्यावर लगेच दाद मागता येत नाही, पण तुमचं म्हणणं कागदावर येतं आणि पुढं तेच उपयोगी पडतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण सल्ला देणारे बरेच असतात. नोटीस आल्यावर घर बायकोच्या नावानं हिबा करून द्या, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण मालमत्ता विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. असा हिबा टिकत नाही आणि घरातल्या बाईला उगाच भांडणात ओढलं जातं.

६० दिवस गेले की ताबा. पहिल्यांदा तो कागदोपत्री असतो: दारावर नोटीस, आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. माणसं घरातच असतात, म्हणून वाटतं काही झालं नाही. पण कायद्याच्या नजरेत मोठं पाऊल पडलेलं असतं आणि इथून ४५ दिवस मोजायला लागतात. या ४५ दिवसांत कलम १७ खाली कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडं, म्हणजे डीआरटीकडं, अर्ज करता येतो. सोलापूर जिल्ह्यासाठी ते पुण्याला आहे. बार्शीच्या दिवाणी कोर्टात या कारवाईविरुद्ध मनाई मिळत नाही, कायद्यानंच तो दरवाजा बंद केला आहे. हायकोर्टही साधारणपणे आधी डीआरटीकडं जा म्हणतं. नुसता अर्ज दाखल केला म्हणून कारवाई थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते आणि त्यासाठी काही रक्कम भरायला सांगतात. प्रत्यक्ष ताबा घ्यायला बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं जाते, मग तहसील आणि पोलीस दारात येतात.

त्यानंतर लिलाव. विक्रीआधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. पूर्वी लिलाव पूर्ण होईपर्यंत पैसे भरून मालमत्ता सोडवता यायची. २०१६ च्या दुरुस्तीनं हे बदललं, आणि २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाली की सोडवण्याचा हक्क संपतो. "लिलावाच्या दिवशी भाऊबंद मिळून पैसे गोळा करू" हा हिशोब आता चुकतो. पैसे गोळा करायचे तर जाहिरातीच्या आधी. लिलावात येणं रकमेपेक्षा जास्त आलं तर वरचे पैसे मालकाचे, कमी आलं तर राहिलेलं कर्ज डोक्यावरच राहतं.

सरफेसी शेतजमिनीवर चालत नाही. एक लाखापर्यंतच्या कर्जावर नाही, आणि मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी बाकी राहिली असेल तरी नाही. पण नुसत्या सातबाऱ्यावर विसंबू नये. गोव्यातल्या ब्लू कोस्ट हॉटेलच्या प्रकरणात जमीन नोंदीत शेतीची होती, तारण मात्र हॉटेलसाठी ठेवलेली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शेतजमिनीची सवलत नाकारली. जमिनीत खरंच पीक घेतलं जातं हे दाखवावं लागतं. वैरागच्या कडेला बिनशेती न केलेल्या जागेवर गोडाऊन किंवा दुकान बांधलं असेल तर ही ढाल कच्ची समजा.

पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिचा रस्ता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम १०१. पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकाकडं अर्ज करते, तुम्हाला सुनावणीची नोटीस येते, आणि मग वसुली दाखला निघतो. तो निघाला की त्यातली रक्कम अंतिम धरली जाते. त्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा तर आधी येणं रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात, जे थकलेल्या माणसाला बहुधा जमत नाही. म्हणून ती सुनावणी चुकवू नका. पावत्या, पासबुक, खातेउतारा घेऊन हजर राहा आणि म्हणणं लेखी द्या. दाखल्यानंतर वसुली अधिकारी जप्ती आणि लिलाव करू शकतो, आणि इथं शेतजमीन सुटत नाही.

पतसंस्था आणि फायनान्स कंपन्या कर्ज देताना सही केलेले कोरे चेकही ठेवून घेतात. "कोर्टाचं समन्स आलं" म्हणून घाबरून येणाऱ्यांचं प्रकरण बऱ्याचदा या चेकचं, कलम १३८ चं असतं. चेक परत गेल्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली तर खटला होत नाही. हा फौजदारी मामला आहे, तारखेला गैरहजर राहिलं तर वॉरंट निघतं. एरवी नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस कुणाला उचलत नाहीत.

आपल्या घरांतला खास प्रश्न वारसांचा. अब्बांनी हयातीत स्वतःचं घर तारण दिलं असेल तर इंतकालानंतर घर वारसांकडं कर्जासहच येतं. शरियतनंही आधी कर्ज फेडायचं, मग तरका वाटायचा. मात्र वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या हिश्शापुरतीच. अब्बांचं कर्ज मुलाच्या पगारातून किंवा सुनेच्या मेहरमधून मागता येत नाही, तो स्वतः कर्जदार किंवा जामीनदार नसेल तर. उलट प्रकार जास्त त्रासाचा. अब्बा गेले, उताऱ्यावर थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलं, आणि त्यानं सगळं घर तारण ठेवलं. मुस्लिम कायद्यात अम्मी, बहिणी, भाऊ यांचा हिस्सा मृत्यूच्या क्षणीच ठरतो, एकत्र कुटुंबाचा कर्ता ही कल्पना इथं नाही. भावाला आपल्या हिश्शापलीकडचं तारण देता येत नाही. अशा बहिणीला कर्जदार नसतानाही कलम १७ खाली दाद मागता येते. पण तिनं तारणखतावर संमतीची सही केली असेल तर गोष्ट वेगळी, आणि अशा सह्या चहा ठेवता ठेवता घेतल्या जातात.

जामीनदाराचंही तसंच. त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक कर्जदाराला सोडून आधी त्याच्याकडं जाऊ शकते.

सोनं तारण असेल तर सरफेसीची गरजच नसते. विक्रीआधी वाजवी नोटीस आणि वर आलेली रक्कम परत, एवढा हक्क कराराच्या कायद्यात आहे. दुकानानं पत्ता जुना लिहिलेला असतो, तो बदलून घ्या.

तडजोड करायची तर एकरकमी परतफेडीचा अर्ज लवकर द्या. ती मागणं हा कर्जदाराचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये सांगितलं आहे, म्हणजे बँक नाही म्हणू शकते. मान्य केली तर रक्कम, तारखा आणि "यानंतर काही येणं नाही" हे पत्रावर घ्या. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसतं, त्यामुळं झेपेल तेवढीच रक्कम कबूल करा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. महिलांना उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळतो, चौकशी १५१०० वर.

वसुलीची माणसं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बेअब्रू करू शकत नाहीत. बँक किंवा फायनान्स कंपनीनं तक्रारीवर ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, क्रमांक १४४४८. पतसंस्था त्यात येत नाही, तिची तक्रार सहकार खात्याकडं.

कर्ज पूर्ण फिटलं की बँकेनं मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात. उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कागद हातात आले तरी सातबाऱ्यावरचा किंवा नगरपंचायतीच्या उताऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही. नील दाखला घेऊन तलाठ्याकडं किंवा नगरपंचायतीत अर्ज द्यावा लागतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी नवा उतारा काढून बघावा लागतो.