तहकुबीचा शेरा

वडशाच्या फलाटावर नागभीडकडच्या गाडीची वाट पाहत, दवाखान्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ती मांडीवर घट्ट धरून बसलेला मनुष्य पाहिला, की मला जठराच्या कर्करोगाचे कपट आठवते. कारण हा रोग महिनोन्‌महिने अपचनाच्या वेषात वावरतो, आणि घास उतरेनासा होऊन अंगावरचे मांस झडू लागल्यावरच रोगी दुर्बिणीच्या तपासणीसाठी नागपूरची वाट धरतो. मनुष्याऐवजी त्याच्या रक्ताची कुपीच आधी पुढे धाडता यावी, ही आशा ज्या रेणूने जागविली, त्याचे कुळ मात्र एका मिलिमीटरभर कृमीत आहे.

पेशीतील डीएनए हे दप्तर, त्यातील हुकुमाची नक्कल घेऊन संदेशवाहक आरएनए बाहेर पडतो आणि प्रथिन घडून हुकुमाची तामिली होते, हा शिरस्ता सर्वमान्य होता. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस व त्यांचे सहकारी त्या कृमीतील लिन-४ या जनुकाचा माग काढीत असता, ज्यातून प्रथिन घडतच नाही असा अवघ्या २२ अक्षरांचा आरएनए त्यांच्या हाती लागला. आणि गॅरी रव्हकुन ज्या लिन-१४ जनुकाचा अभ्यास करीत होते त्याच्या अक्षरांशी ही अक्षरे ताडून पाहता, नकलेच्या शेपटाशी ती ठिकठिकाणी जुळली. हुकूम रद्द न करता त्याची तामिली रोखणारा हा तहकुबीचा शेरा होता.

सात वर्षे ही त्या कृमीचीच लहर मानली गेली. २००० साली लेट-७ हा तसलाच रेणू मानवातही आढळला, २००१ साली 'मायक्रोआरएनए' हे नाव रूढ झाले, आणि २००८ साली हे रेणू रक्तद्रवात टिकून राहतात, कर्करोगाची चाहूलही देतात, हे दिसले. प्रथिनांच्या किंवा सूक्ष्म पुटिकांच्या आश्रयाने त्यांचा बचाव होतो. जठराच्या कर्करोगात मायक्रोआरएनए-२१ वाढतो खरा, परंतु तो इतर अनेक कर्करोगांतही वाढतो. एकट्याच्या साक्षीवर निवाडा करणे मला धोक्याचे वाटते. सिंगापुरात म्हणूनच बारा रेणूंची एकत्र साक्ष घेणारी चाचणी सिद्ध झाली. दुर्बिणीची जागा ती घेत नाही. दुर्बिणीपाशी आधी कोणाला न्यावे, एवढेच ती सुचविते.

परंतु वडशासारख्या गावी खरी अडचण कुपीचीच आहे. रक्त काढताना वा प्रवासाच्या हिसक्यांनी तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातील मायक्रोआरएनए द्रवात मिसळून सारा हिशेब बिघडतो. तेव्हा रक्त जिथे काढले तिथेच ते यंत्रात फिरवून, वरचा पिवळसर द्रव अलगद वेगळा करून, बर्फात ठेवून मगच गाडीत चढविले पाहिजे.