वडील आणि डीकन : दोन सेवापदे, दोन जबाबदाऱ्या

सातारा व सांगली जिल्ह्यांत ज्या घरी कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट आप्तेष्ट एकत्र येतात, तेथे ‘वडील’ आणि ‘डीकन’ हे शब्द दोन्हीकडून कानी पडतात. अर्थ मात्र एक नसतो. आजाऱ्याच्या उशाशी कोणाला बोलवावे, असा प्रसंग उद्भवतो तेव्हा हा भेद ठाऊक असावा लागतो.

नव्या करारातील ‘प्रेस्बितेरोस’ म्हणजे वडील आणि ‘दियाकोनोस’ म्हणजे सेवक. संत पौल इफिसच्या वडिलांवर कळप राखण्याची जबाबदारी सोपवितो (प्रेषितांची कृत्ये २०:२८). विधवांच्या रोजच्या अन्नवाटपासाठी सात पुरुषांवर प्रेषितांनी हात ठेवले (प्रेषितांची कृत्ये ६:१-६). त्यांच्यात ख्रिस्तसभेची परंपरा डीकनपदाचा आरंभ पाहते.

सांगली-मिरज भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने कार्य केले. मिरजेचे मिशन हॉस्पिटल (१८९४) त्यांचेच. त्या परंपरेत ‘वडील’ म्हणजे पाळकासह मंडळीचा कारभार पाहणारा, मंडळीने निवडलेला प्रापंचिक पुढारी. सातारा-वाई भागात अमेरिकन मराठी मिशन होते. त्याच्या काँग्रिगेशनल परंपरेत पाळकाला साहाय्य करणारे, मंडळीने निवडलेले डीकन असत. हे दोन्ही प्रवाह १९२४ साली एका संघटनेत आले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली; तिच्यात बिशप, प्रेस्बिटर व डीकन अशी तीन दीक्षित पदे आहेत.

कॅथॉलिक ख्रिस्तसभेत ‘प्रेस्बितेरोस’ हे पद धर्मगुरूंचे आहे. डीकन हाही महागुरूंच्या हस्ते दीक्षित असतो. परंतु त्याची दीक्षा सेवेसाठी असते. तो बाप्तिस्मा देतो, शुभवर्तमान वाचून प्रवचन करतो, अधिकार दिलेला असल्यास विवाहविधी पार पाडतो, अंत्यविधी चालवितो, आजाऱ्याला पवित्र कम्युनियन नेऊन देतो. मिस्साबलिदान अर्पण करणे, पापनिवेदन ऐकणे व तैलाभ्यंग करणे ही कार्ये मात्र धर्मगुरूंचीच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली विवाहित पुरुषांसाठीही कायम डीकनपदाचा मार्ग मोकळा केला. मुंबई महाधर्मप्रांतात असे डीकन आहेत.

म्हणून आजाऱ्याची प्रकृती चिंताजनक होताच धर्मगुरूंना वेळीच कळवावे, असे आम्ही सुचवितो. नात्यातील मंडळीचे वडील प्रार्थनेस आले, तर त्यांचे स्वागतच करावे. परंतु ‘वडील आले’ एवढ्यावरून तैलाभ्यंग झाला, असे मानू नये. डीकन हा अपुरा धर्मगुरू नव्हे. सेवा करावयास आलेल्या ख्रिस्ताची तो आपल्याला आठवण देतो.