घरीच दुरुस्ती केल्यावर जुना लॅपटॉप बंद पडला? आधी हे टप्पे तपासा

जुना लॅपटॉप स्लो झाला की आपण व्हिडिओ बघतो, ऑनलाइन रॅम आणि एसएसडी मागवतो, स्क्रू ड्रायव्हर घेतो आणि कामाला लागतो. बहुतेक वेळा जमतंही. पण जमलं नाही तर? आधी निदान हळूहळू का होईना चालणारी मशीन आता चालूच होत नाही, आणि घरचे आपल्याकडे बघत असतात. माझ्यासोबत अगदी हेच झालं. त्या अनुभवातून अशा वेळी कोणत्या क्रमाने तपासायचं ते या लेखात सांगतो.

नेमकं काय झालं होतं?

आमचं गाव बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. घरात २०१४ साली घेतलेला लॅपटॉप आहे. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आईच्या बचत गटाचा तीन वर्षांचा हिशेब त्यातल्या एका एक्सेल फाईलमध्ये होता. दुसरी कॉपी कुठेच नव्हती. आणि चार दिवसांनी गटाची बँकेत मीटिंग होती.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी एकाच बैठकीत तीन कामं केली. दुसऱ्या स्लॉटमध्ये जादा रॅम बसवली, हार्ड डिस्क काढून कोरी एसएसडी लावली आणि फॅन उघडून थर्मल पेस्ट बदलली. बटण दाबलं. लाईट लागला, पण स्क्रीन काळी! मग एक व्हिडिओ बघून मदरबोर्डवरचा छोटा सेलही काढून परत लावला. तरी तेच. आई म्हणाली, "अरे, चालू तर होता की चांगला! कशाला खोललास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात गेलो. न उघडताच सांगितलं गेलं, "बोर्ड गेलाय. नवीनच घ्या." मग अंबाजोगाईत एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी लॅपटॉपला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "भाऊ, शेवटचं काय काय बदललं?"

हाच प्रश्न या लेखाचा गाभा आहे. दुरुस्तीच्या आधी चालू असलेली मशीन दुरुस्तीनंतर बंद पडली, तर दोष बहुधा आपण हात लावलेल्या जागीच असतो. म्हणून जे बदललं ते उलट्या क्रमाने, एकेक करून पूर्ववत करायचं. चला तर मग, टप्पे बघूया.

टप्पा १ : वीज पूर्ण काढा

चार्जर काढा. बॅटरी निघत असेल तर बाहेर काढा. आत असेल तर झाकण उघडून तिची वायर सोडवा. मग पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डवर साठलेली वीज निघून जाते. कधीकधी एवढ्यानेच लॅपटॉप चालू होतो.

आपल्याकडे बऱ्याच घरांत अर्थिंग नीट नसतं. चार्जर लावल्यावर लॅपटॉपच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात ना? ते त्यामुळेच. म्हणून चार्जर लावलेला असताना आतल्या कशालाही हात लावू नका. काम सुरू करण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा.

बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा. ती दाबू नका, टोचू नका आणि चार्ज करू नका. बॅटरीशिवाय फक्त चार्जरवर पुढची तपासणी करता येते. फुगलेली बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

टप्पा २ : रॅम तपासा

लाईट लागतो, फॅन फिरतो, पण स्क्रीन काळी. असं असेल तर पहिला संशय रॅमवर घ्या. नवीन रॅम काढा आणि जुनी एकटीच लावून बघा. रॅमची सोनेरी पट्टी साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि कण झटका. मग तिरकी घालून खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपचा 'टक' आवाज यायलाच हवा.

माझी चूक इथेच होती. डीडीआर३ आणि डीडीआर३एल या दोन रॅम दिसायला सारख्या असतात. दोन्हींना २०४ पिना असतात आणि खाचही एकाच जागी असते, त्यामुळे एक दुसरीच्या जागी आरामात बसते. पण डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात आणि डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर चालते. चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपला कमी व्होल्टची डीडीआर३एल लागते. मी स्वस्तात मिळाली म्हणून साधी डीडीआर३ आणली होती. ती काढली आणि स्क्रीन लगेच उजळली!

तुम्ही रॅम घेताना जुन्या रॅमवरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. त्यावर 'पीसी३' लिहिलंय की 'पीसी३एल', एवढं बघा. त्या एका अक्षरासाठी माझे दोन दिवस गेले.

टप्पा ३ : स्क्रीन तपासा

रॅम बदलूनही काळंच असेल, तर एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर बोर्ड ठीक आहे, दोष स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा आहे. टीव्ही नसेल तर मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. अंधुक अक्षरं दिसली तर फक्त मागचा उजेड गेलाय.

टप्पा ४ : पातळ पट्टीच्या केबल बघा

कीबोर्ड, टचपॅड आणि पॉवर बटण यांना बोर्डशी जोडायला बऱ्याचदा कागदासारखी पातळ केबल असते. तिच्या सॉकेटला इवलंसं झाकण असतं. काही झाकणं वर उचलायची असतात, काही बाहेर सरकवायची. झाकण न उघडता केबल खेचली तर सॉकेट तुटतं. केबल तिरकी बसली तरी बटण किंवा कीबोर्ड काम करत नाही. केबल सरळ घाला, झाकण बंद करा आणि हलकेच ओढून बघा.

टप्पा ५ : 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं तर

स्क्रीन आली म्हणून मी जुनी हार्ड डिस्क परत लावली. आता पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' असा मेसेज! पोटात गोळाच आला. एका मित्राने फोनवर सांगितलं, "विंडोज नव्याने टाक, होईल." टाकलं असतं तर बचत गटाचा हिशेब पुसला गेला असता.

खरं कारण वेगळंच होतं. मी बोर्डवरचा सेल काढला होता ना? तो ३ व्होल्टचा, बहुधा सीआर२०३२ नंबरचा नाण्यासारखा सेल असतो. तो काढला की बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत जाऊ शकतात. माझं विंडोज जुन्या 'लेगसी' पद्धतीने टाकलेलं होतं आणि सेटिंग 'यूईएफआय' वर गेली होती. डिस्क चांगली होती, लॅपटॉप फक्त चुकीच्या पद्धतीने विंडोज शोधत होता.

म्हणून असा मेसेज आला तर क्रमाने हे बघा:
• बायोसमध्ये जा. लॅपटॉपच्या कंपनीप्रमाणे एफ२, एफ१० किंवा डिलीट असं बटण असतं.
• डिस्कचं नाव तिथे दिसतंय का बघा. दिसत नसेल तर डिस्क काढून पुन्हा घट्ट बसवा.
• नाव दिसत असेल तर बूट मोड लेगसी आणि यूईएफआय असा बदलून बघा. आधीच्या सेटिंगचा फोटो मात्र काढून ठेवा.
• तारीख चुकीची असेल तर ती दुरुस्त करा. नाहीतर विंडोज चालू झाल्यावर वेबसाइट उघडताना सुरक्षेची एरर येते. तारीख रोज मागे जात असेल तर सेल संपलाय, तो बदला.

नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर चालू असेल, तर बायोसमध्ये बदल केल्यावर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच लिहून ठेवा.

टप्पा ६ : काहीही करण्याआधी डेटा बाहेर काढा

सेटिंग बदलण्याआधी मी हिशेबाची फाईल बाहेर काढली. त्यासाठी दुसरा कॉम्प्युटर लागत नाही, आपला अँड्रॉइड फोन पुरतो. कसं ते सांगतो:

१. फोनमध्ये लिनक्स मिंटची आयएसओ फाईल डाउनलोड करा. फाईल सुमारे ३ जीबीची असते, त्यामुळे वायफाय असेल तर बरं.
२. ओटीजीने ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह फोनला जोडा आणि 'एच-ड्रॉइड' नावाच्या मोफत ॲपने ती फाईल त्यावर टाका. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.
३. पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावून त्यावरून बूट करा. लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालतं, डिस्कवर काही टाकत नाही. 'इन्स्टॉल' वर मात्र क्लिक करू नका.
४. डिस्क उघडा आणि हव्या त्या फाईल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करा.

ती एक्सेल फाईल उघडलेली दिसली तेव्हा आई शेजारीच उभी होती. म्हणाली, "आता आधी वहीत उतरवून दे." दिली. मग बूट मोड लेगसी केला आणि विंडोजही चालू झालं.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र वारंवार चालू करून बघू नका. प्रत्येक प्रयत्नाने नुकसान वाढतं.

टप्पा ७ : थोडा वेळ चालून बंद पडतो?

माझा लॅपटॉप चालू झाला आणि दहा मिनिटांत धाडकन बंद पडला. हा तिसरा दोष, आणि तोही माझाच. फॅनची वायर सॉकेटमध्ये पूर्ण बसली नव्हती. प्रोसेसरचं तापमान साधारण १०० अंशांच्या आसपास गेलं की तो स्वतःला वाचवण्यासाठी मशीन बंद करतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीशी ओलांडतो, कापसाची आणि मातीची धूळ असतेच, त्यामुळे गरम व्हायला वेळ लागत नाही.

• फॅन फिरतोय का ते कान लावून ऐका.
• थर्मल पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच लावा. मी अर्धी ट्यूब संपवली होती!
• तांब्याच्या पट्टीचे स्क्रू त्यावरच्या १, २, ३, ४ या आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा.
• लांब स्क्रू छोट्या स्क्रूच्या जागी लावू नका. तो बोर्डमध्ये घुसू शकतो. स्क्रू काढतानाच पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढून त्या त्या जागी टोचून ठेवा.

टप्पा ८ : कुठे थांबायचं?

जळका वास येत असेल, आत पाणी गेलं असेल किंवा चार्जर चांगला असूनही एकही लाईट लागत नसेल, तर घरी पुढे जाऊ नका. हे चिप-लेव्हलचं काम आहे. दुकानात देताना हार्ड डिस्क काढून घरी ठेवा आणि काय काय बदललं ते खरं खरं सांगा. लाज वाटून लपवलं तर वेळ आणि पैसे आपलेच जातात. 'बोर्ड गेला' असं कोणी म्हणालं तर बोर्डवर नेमकं काय मोजलं, कुठे वीज येत नाही, हे विचारा.

स्वतः दुरुस्ती करणं चुकीचं नाही. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचवावी हा त्यामागचा हेतू आहे. उघडण्याआधी तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. त्यात स्क्रू कुठे आणि रॅम कोणती, सगळं असतं.

आता या लॅपटॉपचं काय?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून मी नंतर एसएसडी लावून तिच्यावर लिनक्स मिंट टाकलं. योग्य रॅमही आणली. एका दिवशी एकच बदल, मग दोन दिवस वापरून बघायचं, मग पुढचा. आज त्यावर हिशेब आणि ऑनलाइन फॉर्म आरामात होतात.

थोडक्यात लक्षात ठेवा

• उघडण्याआधी डेटाची कॉपी दुसरीकडे ठेवा.
• प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढा.
• एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चालू करून बघा.
• बंद पडलं तर शेवटचा बदल आधी पूर्ववत करा.
• फॉरमॅट हा उपाय सगळ्यात शेवटी.

माझ्या लॅपटॉपमध्ये तीन दोष होते आणि तिन्ही मीच एका दुपारी तयार केले होते. एकेक बदल केला असता तर प्रत्येक दोष पाच मिनिटांत सापडला असता. बोर्ड तर शेवटपर्यंत ठणठणीत होता!